उलट्या ताटाची बाग

२२ मे. धुण्याचं शेवटचं पाणी तीन बादल्यांत धरायचं आणि घरामागच्या मोकळ्या जागेत नेऊन ओतायचं, हे सध्या माझं सकाळचं काम आहे. साबणाचं पहिलं पाणी झाडांना चालत नाही, एवढं मला आता कळतं. बाग माझी नाही. माझी धाकटी जाऊ मृणाल आणि आमच्या हरिशंकरपुरम वस्तीतली आठ-दहा मराठी मुलं, यांची ती. मृणाल एप्रिलच्या सुरुवातीला गेली. मी टोपी बाजारात उशांचे अभ्रे बघत होते, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. "वहिनी, झालं," एवढंच भाऊजी म्हणाले. अभ्रे तिथेच ठेवून मी रिक्षा पकडली. आजार वर्षभराचा होता, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. तरी त्या रिक्षात मला घराचा पत्ता सांगता येईना...

बागेची कल्पना तिची. इथे हिंदी मुलखात वाढलेल्या आपल्या मुलांना ताटाची डावी बाजू, उजवी बाजू म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं ती म्हणायची. ती प्लेटमध्ये सगळं एकत्र घेतात. म्हणून तिने बागच ताटासारखी आखली. डावीकडे लिंबाचं कलम, चटणीसाठी मिरची-पुदिना-कोथिंबीर, कोशिंबिरीला काकडी. उजवीकडे मेथी, पालक, वांगी. मधली भाताची जागा मोकळी, तिथे मुलांनी बसायचं. सुतळ्या बांधून झाल्या, बी पडलं, आणि आठवड्याने माझ्या लक्षात आलं की सगळं उलटं झालंय. मागच्या भिंतीकडे बसायला दगड मांडले होते, तिथून बघितलं तर लिंबोणी उजव्या हाताला येत होती.

"अगं, हे काय केलंस?"

ती हसायला लागली. "दारात उभी राहून आखलं ना, वहिनी. वाढणारीला ताट असं उलटंच दिसतं. या घरात मी पहिल्या पंगतीला कधी बसलेय?"

हे टोमणा म्हणून होतं आणि नव्हतंही. आम्ही दोघी गणपतीत वाढायला उभ्या राहायचो, शेवटी स्वयंपाकघरात जेवायचो. मी वीस वर्षं तेच केलं, पण मला कधी ते बोलावंसं वाटलं नव्हतं. सुतळ्या तिने बदलल्या नाहीत. दगड उचलून दाराच्या बाजूला आणले आणि मुलांना म्हणाली, "चलो, अब इधर से खाना।"

मार्चमध्ये तिला बागेपर्यंत चालवेना. खिडकीतून मुलांना ओरडायची, "पुदीने पे पैर मत रखो रे!" मुलं मान डोलवायची आणि पुन्हा ठेवायची. शेवटी शेवटी तिने माझा हात धरला. हात धरणं वगैरे आमच्यात नव्हतं. म्हणाली, "उन्हाळा तेवढा काढून द्या. शाळा उघडली की मुलांना बागेतलं ताट वाढायचं कबूल केलंय. यातलं काही जाऊ देऊ नका." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार होते?

मेथी, पालक, कोथिंबीर एप्रिलमध्येच संपली. ती तशीही संपणार, असं शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि मी ते धरून ठेवलं. मग काकडीचा वेल वाळला. जुन्या साड्यांची सावली केली, ती लूच्या गरम वाऱ्याने फाडून नेली. नळ एक दिवसाआड, तोही पाऊण तास. मी भांडी घासलेलं पाणी गाळलं, आंघोळ एका बादलीत उरकली, भाऊजींनाही तेच करायला लावलं. वांग्याची पानं तरीही दुपारी पडायची, आणि आता सकाळीही उठत नाहीत. झोपेतून उठले की पहिला विचार त्या पानांचा येतो. मृणालचा नंतर.

आज संध्याकाळी समोरची अन्वी आली. दहा वर्षांची आहे, मराठी सुरू करते आणि हिंदीत संपवते. बराच वेळ बघत उभी राहिली.

"मोठी काकू, हे तर... सब मर रहा है।"

"पाणी घालतेय मी."

"थोडा-थोडा सबको दे रहे हो. इतने में कोई नहीं बचेगा।"

ओट्यावर भाऊजी बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, सोडा आता. ती काही बघायला येणार नाही." हे बोलून ते स्वतःच आत निघून गेले, आणि कुणी दार लावावं तसं त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

मी तिथेच मातीत बसले. माणसाच्या बाबतीत जे जमलं नाही, ते निदान झाडांच्या बाबतीत जमेल असं मी धरून चालले होते. तेही जमत नव्हतं. आणि पोर बरोबर बोलत होती.

२३ मे. ऊन चढायच्या आत अन्वीला हाक मारली. आम्ही दोघींनी वांगी उपटली, मिरची उपटली, पुदिन्याच्या काड्याही काढल्या. मिरचीच्या एका रोपाला अजून हिरवा डोळा होता. अन्वीने माझ्याकडे बघितलं. मी तेही उपटलं. मग तिन्ही बादल्या लिंबोणीच्या आळ्यात ओतल्या आणि पाणी पूर्ण जिरेपर्यंत तिथून हलले नाही.