देवडीतली भिंत

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण घराची बांधणी बघून आत राहणाऱ्यांची रीत सांगतो. रत्नागिरीकडचा सुतार मी. हात झिजले ते कुवेतमधल्या शुवैखच्या कारखान्यात.

कुवेत सिटीतलं एका व्यापाऱ्याचं जुनं घर म्हाताऱ्या माणसांना राहण्यासाठी द्यायचं ठरलं, तेव्हा दारं दुरुस्त करायला मला बोलावलं. मधे अंगण, चहूकडे खोल्या. रस्त्यावरच्या दारातून देवडीत शिरलं की समोर भिंत. तिला वळसा घालायचा, मग दुसरं दार, मग अंगण. रस्त्यावरून कितीही मान वाकडी करा, आतलं काही दिसायचं नाही.

पुण्याचे इंजिनियर साहेब नकाशा घेऊन आले. "चाचा, ही भिंत काढायची. स्ट्रेचर वळणार नाही."

"वळेल."

"कशावरून?"

"मी सांगतोय ना!"

घराचे मालक, पांढऱ्या दाढीचे कुवेती गृहस्थ, मला बाजूला घेऊन अरबीत म्हणाले, "माझी थोरली बहीण इथंच राहायला येणार आहे. जन्मभर या अंगणात डोक्यावरून काही न घेता वावरली. भिंत गेली तर ती खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही."

झालं. तिथून पुढं ती भिंत माझी.

टेप मी वापरत नाही. वितीनं जागा मोजली, फळ्या ठोकून स्ट्रेचरएवढी चौकट केली आणि साहेबांसमोर ऐटीत आत नेली. वळणावर अडकली. चार बोटं कमी!

"चाचा, तुमची वीत म्हातारी झाली," साहेब हसले. "उद्या भिंत फोडायला माणसं येतायत."

दुपारी जेवलो नाही, देवडीतच बसलो. बसल्या बसल्या दिसलं, चार बोटं आतलं दार खातंय. उघडलं की फळी वळणातच उभी. जुनं काम ते, बिजागऱ्या नाहीत. फळीच्या लाकडी खुंट्या वर-खाली खोबणीत फिरतात. फळी उचलून काढली, अंगणाच्या बाजूला नव्या खोबणी कोरल्या आणि दार उलटं, अंगणात उघडेल असं बसवलं.

सकाळी पहारी घेऊन माणसं आली. म्हटलं, "जरा थांबा." तेवढ्यात मालक स्वतःच त्या स्ट्रेचरएवढ्या चौकटीवर आडवे झाले. "उचला मला. कधीतरी न्यायचंच आहे."

"असं नका बोलू, बाबा," म्हणत साहेबांनी एक टोक धरलं, दुसरं मी. वळलो. दोन्हीकडे बोटबोट जागा ठेवून मालक अंगणात पोचले.

"परत एकदा," साहेब म्हणाले. परत गेले. मग त्यांनी नकाशावरच्या 'भिंत काढणे' या शब्दांवर लाल पेनानं काट मारली. "चाचा, भारी हट्टी आहात."

"म्हणून भिंत उभी आहे, साहेब."

आता महिन्यातून एकदा खुंट्यांना तेल द्यायला जातो. परवा भिंतीपलीकडून एक म्हातारी कुणाला तरी झापत होती, चहात साखर नाही, खुर्ची उन्हात सरकवा म्हणून. मालकांची बहीणच ती. मी तिला पाहिलेलं नाही. पाहायचं कारणही नाही. आवाज मात्र भर अंगणातून येत होता, चांगला खणखणीत.