न्हाणीमागचा सोनटक्का

लग्न होऊन मी नागभीडजवळच्या त्या धानाच्या गावात आले, तेव्हा स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. माझ्या सामानात ओल्या पोत्यात गुंडाळलेले सोनटक्क्याचे चार कंद होते. सासूबाईंना वाटलं, आंबेहळद. फुलझाड आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला.

सोनटक्क्याला पायाशी कायम ओल लागते. अंगणात तशी जागा एकच होती, न्हाणीचं पाणी बाहेर पडायचं ती. तिथे सासूबाईंचा धोपा, म्हणजे वडीचं अळू. मी हट्टाने अर्धा धोपा काढून कंद लावले. वर्षभर नुसती पानंच.

"धोप्याच्या वड्या तरी होतात, याचं का करतेस?" सासूबाई म्हणाल्या. "पोळ्यापर्यंत वाट पाहीन. नाई आलं फूल, तर उपटून फेकीन."

त्यात उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. विहिरीचं पाणी फक्त प्यायला आणि रांधायला, आंघोळीला सगळ्यांनी बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर जायचं असा हुकूम निघाला. न्हाणी कोरडी ठणठणीत झाली, सोनटक्का पिवळा पडला. मी चक्क रडले. माहेराहून आलेली जिवंत वस्तू माझ्याखेरीज तेवढी एकच होती.

बोडीवरून पाणी आणून फुलझाडाला घातलं असतं, तर सासूबाईंनी मला त्याच बोडीत बुडवलं असतं. मी दुसरी वाट काढली. दोन गुंड, म्हणजे दोन मोठ्या घागरी पाणी डोक्यावरून आणून न्हाणीत ठेवलं आणि सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, ऊन फार आहे. तुम्ही घरीच आंघोळ करत जा."

मामाजींनी एकदा गुंडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आंघोळीला आत गेले. खरं तर बोडीच्या पाळीवर त्यांचा दरबार भरायचा. तंबाखू मळत गावभरच्या गोष्टी चालायच्या, दुपार होईपर्यंत.

इकडे माझं नाव झालं. सून असावी तर अशी, असं सासवा म्हणू लागल्या आणि गावातल्या सुनांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एकीने तर वाटेत गाठून सुनावलं, "बाई, तुझ्यापायी मले तीन-तीन गुंड वाहा लागून राह्यले!"

मी मात्र सोकावले होते. "मामाजी, काटकसर करू नका, पाठीवर घ्या आणखी," असं बाहेरून ओरडायची. ते बिचारे घ्यायचे. पुढे पावसाने विहीर भरली तरी मी त्यांचं पाणी काढतच राहिले. फूल येईपर्यंत थेंबाचीही हयगय नको होती मला.

पोळ्याला चार दिवस होते. सकाळी मामाजी ओल्या पंच्यानिशी न्हाणीमागे उभे राहून हाका मारू लागले, "सूनबाई, आलं तुझं फूल!"

मी धावले. पांढरंशुभ्र, आणि काय तो वास! मी डोळे भरून पाहते आहे तोवर सासूबाईंनी ते खुडलं, अंबाड्यात खोवलं आणि आत गेल्या.

मामाजी हळूच म्हणाले, "आता तरी मले बोडीवर जाऊ देशील का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी आत पाणी घेतलं का तू बाहेर नाली पाहत उभी. सासऱ्याची सेवा करणारी नालीकडे काऊन पाहील?"

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला लाजेने. मी कशीबशी मान हलवली. मामाजींची आंघोळ नुकतीच झाली होती, तरी त्यांनी कोरडा पंचा खांद्यावर टाकला आणि आंघोळीला बोडीकडे निघाले.