आधी पोतं, मग भाषण

पिंगळीच्या स्टेशनवर उतरले तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. हमालांचे पुढारी बापू आमदार झाल्यावर कसे दिसतात, हे बघायला मी पुण्याहून बातमीसाठी आले होते. खरं सांगते, फजिती बघायलाच आले होते. आमदार झाला की माणूस मोंढ्याची (धान्यबाजाराची) वाट विसरतो, हे माझं ठाम मत.

न्यायला मुंजाजी आला होता, ताडकळसच्या मोंढ्यातला हमाल. एसटी चुकली, म्हणून त्याच्या मोटारसायकलवर बसले. दोन्हीकडे फुटलेला कापूस. वाटेत सुशीला (चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) खाल्ली. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं.

"आजच्या सभेला बापू येतेत का न्हाई, सांगता येईना," मुंजाजी म्हणाला. "निवडून आल्यापून मोंढ्यात आलेच न्हाईत. आन इकडं आडत्यानं पुन्हा क्विंटलचं पोतं काढलंय."

"नियम पन्नास किलोचा ना?"

"हाय की! बापूंनीच भांडून लागू केला. पर पाठ आमची मोडायलीय."

आठवडी बाजाराचा दिवस. मोंढ्यात सोयाबीनच्या थप्प्या लागल्या होत्या. बापू आले. पांढरे कपडे, मागे पीए, तडक माइककडे. म्हाताऱ्या हमालानं, रहीमचाचांनी, माइकवर हात ठेवला.

"बापू, आधी पोतं."

हमाल संघटनेची रीतच तशी. पोतं थप्पीपर्यंत नेल्याशिवाय सभेत कुणी बोलायचं नाही. घालून दिली होती बापूंनीच.

"अहो, साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय!" पीए ओरडला.

"तू गप," म्हणत बापू वाकले.

दोघांनी क्विंटलचं पोतं पाठीवर दिलं. तिसऱ्या पावलाला गुडघा दुमडला आणि बापू पोत्यासकट खाली आले. "अगं आई गं!" मी किंचाळले. हसलं कुणीच नाही. फजिती बघायला आलेली मी, मला माझीच लाज वाटली.

मुंजाजीनं त्यांना उठवलं. "लागलं का? ऱ्हाऊ द्या, बोला तुमी."

"न्हाई. पोतं पोचलं न्हाई, बोलायचा हक न्हाई," म्हणत बापू त्याच पोत्यावर बसले.

हमालही बसले. माप थांबलं, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. आडत्या धावत आला. "साहेब, सावलीत चला, चहा घ्या!" बापूंनी नुसतं बोट पोत्याकडे केलं.

दुपारपर्यंत आडत्या वाकला. नवी बारदानं (रिकामी पोती) आली, पोत्याची शिवण उसवली, एकाची दोन पोती झाली. त्यातलं एक चाचांनी बापूंच्या पाठीवर दिलं. लंगडत, पण थप्पीपर्यंत नेलं त्यांनी. मग माइक हातात घेतला.

"सगळी पोती अशीच भरा. चला, कामाला लागा."

संपलं भाषण! टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले.

संध्याकाळी पिंगळीला मी गाडीत चढताना मुंजाजीनं विचारलं, "बापूंचं भाषण लिहून घेतलं का, ताई?"

पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं लिहून घेऊन विसरले आहे मी. हे लिहून घ्यायची गरजच नव्हती.

"पाठ झालंय," म्हटलं. माझं ठाम मत मात्र मी परत नेलं नाही.