फायरमनशिवाय गाडी सुटत नाही

"प्रोग्राम चालत नाही" असा शेरा एका परीक्षकाने लाल शाईत माझ्या कागदावर मारला, त्याला कितीतरी वर्षं झाली. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. त्यानंतर माझे केस गेले, दोन दाढा गेल्या, वाफेची इंजिनं भंगारात गेली. राग मात्र जागचा हललेला नाही. चालत नाही म्हणे. अहो, न चालणं हेच त्या प्रोग्रामचं काम होतं. नीट सांगतो, म्हणजे तुम्हालाही राग येईल.

माझा मामा आखातात नोकरीला. दोन महिन्यांच्या सुट्टीवर येताना त्याने एक कॉम्प्युटर आणला. आकार पाटीएवढा, बटणं रबराची, आणि जोडायचा घरच्या टीव्हीला. मामा परत जाईपर्यंत यंत्र माझ्या ताब्यात. आमच्या कॉलेजात तीन कॉम्प्युटर होते, पण चपला बाहेर काढून काचेतून दर्शन घ्यायचं, देवळासारखं. त्या वर्षी कॉलेजने प्रदर्शन जाहीर केलं आणि बक्षीस काय, तर पहिल्या येणाऱ्याला वर्षभर त्या गाभाऱ्यात प्रवेश. मी ठरवलं, हे बक्षीस माझंच. नाहीतर मामा यंत्र घेऊन जाणार आणि मी बोटं मोडत बसणार.

मी आगगाडीचा खेळ करायला घेतला. गाडी अमेरिकेची, शंभर वर्षांपूर्वीची. अमेरिकेची का? तर आम्ही राहायचो नागपूरच्या अजनीत. गल्लीत दर तिसरा माणूस रेल्वेचा. आपल्याकडचं इंजिन काढलं असतं तर दुधाचा रतीब घालणाऱ्यानेही त्यात चूक काढली असती. अमेरिकेचं जुनं इंजिन कोणी पाहिलंय? लायब्ररीतल्या एका पुस्तकात त्याचं चित्र होतं, तेवढ्यावर माझी भिस्त. आणि इथेच मी फसलो.

त्या यंत्रावर चित्र म्हणजे चौकटींचा खेळ. आलेखाच्या कागदावर आठ बाय आठ घरं आखायची, हवी ती काळी करायची, प्रत्येक ओळीची बेरीज करून तो आकडा यंत्राला सांगायचा. असे सहा तुकडे जोडले की एक इंजिन. नुसती चिमणी मी अकरा वेळा काढली. पहिल्यांदा ती लोटीसारखी आली, मग शिवलिंगासारखी, मग आमच्या मुख्याध्यापकांसारखी. मे महिना. यंत्र इतकं तापायचं की आईने त्यावर पापड भाजून घेतले असते. सगळं काम कॅसेटवर साठवायचं, आणि साठवताना यंत्र असं किंचाळायचं की मागच्या गोठ्यातली म्हैस तीन दिवस दूध देईना. त्यात वीज. कोराडीला एवढी वीज बनते, अर्धा महाराष्ट्र उजळतो, आणि हाकेच्या अंतरावरच्या आमच्या घरचीच लाइट जायची. तीही नेमकी मी कॅसेट लावायच्या आधी.

अशात ड्रायव्हरकाका पेपर वाचायला आले. शेजारीच राहायचे. रेल्वेतून रिटायर झालेले, आवाज असा की कुजबुजले तरी नरेंद्रनगरापर्यंत कळावं.

"हे काय करून राहिला गा?"

"इंजिन आहे काका. अमेरिकेचं."

"त्याच्या चिमणीवर मडकं काहून ठेवलं?"

"लाकडावर चालायचं ते. ठिणग्या बाहेर उडू नयेत म्हणून चिमणी फुगीर."

"अन् समोर हे फावडं?"

"गाय आडवी आली तर बाजूला लोटायला."

"आपल्याकडे गायच इंजिनाले लोटते," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "मी सात वर्षं अमेरिकेच्याच इंजिनावर फायरमन होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजात भरून आले होते थे. आमल्याच्या लाइनवर कोळसा टाकून टाकून हे खांदे झाले."

सगळ्या नागपुरात अमेरिकन इंजिनावर घाम गाळलेला एक माणूस, आणि तो माझ्या शेजारी. नशीब म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी काकांनी वही मागितली. शेडमध्ये एक वही असते म्हणे. इंजिन परत आलं की ड्रायव्हर त्यात खोड्या लिहितो, आणि त्या दूर होऊन 'फिट' असं लिहून सही झाल्याशिवाय इंजिन बाहेर पडत नाही. माझ्या आलेखाच्या वहीत काकांनी पेन्सिलीने लिहिलं : चाक फिरत नाही, गाडी नुसती घसरते. लाल दिवा आणि हिरवा दिवा सारखाच दिसतो. घंटा वाजत नाही.

चाकं मी फिरवली. दिव्यांचं काय करणार, आमचा टीव्ही काळा-पांढरा. मग हाताचा सिग्नल काढला; हात आडवा म्हणजे थांब, खाली पडला म्हणजे चल. अमेरिकेच्या जंगलात अजनीचा सिग्नल उभा राहिला. घंटाही बसवली, टिंग टिंग. काकांनी मान हलवली नाही. उलट नवीनच खोडी काढली.

"फायरमन कुठी आहे?"

"यात फायरमन नाही काका. एकटाच चालवतो."

"एकटा? मंग सिगनल कोणाले बोलतो?"

ही त्यांची रीत. ड्रायव्हरने सिग्नल पाहिला की मोठ्याने बोलायचा, 'डाउन'. फायरमनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तोच शब्द परत बोलायचा. दोघं बोलल्याशिवाय हात वाफेच्या दांड्याकडे जायचा नाही.

"खेळ आहे हो काका."

"खेळात गाडी धडकते का नाही?"

"धडकते."

"मंग?"

काकांनी पडद्यावरच्या सिग्नलवर बोट ठेवलं. "एक खेप मी न पाहताच डाउन म्हणून टाकलं होतं," ते म्हणाले. "एकच खेप." आणि आईकडे पाणी मागितलं. पुढचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तर मी एक बटण वाढवलं. उजवीकडचं ड्रायव्हरचं, डावीकडचं फायरमनचं. दोन्ही दाबल्याशिवाय गाडी हलणार नाही. ड्रायव्हर बोलला का, हे यंत्राला कसं कळणार? ते फायरमनने कानाने ऐकायचं आणि मगच दाबायचं. सरावाला मी आईला फायरमन केलं. ती पोळ्या लाटता लाटता 'डाउन' म्हणाली.

"वहिनी, तुम्ही न पाहता बोलून राहिल्या," काकांनी तिला नापास केलं.

"मग पोळ्या करपू देऊ का?"

"गाडीपेक्षा पोळी जड झाली का?"

त्या दिवशी काकांना चहा मिळाला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी टीव्ही मांडीवर घेऊन मी सायकलरिक्षात बसलो. सीताबर्डीतून जाताना लोक असे बघत होते जसं काही मी लग्न लावून नवरी घेऊन चाललोय. काका मागून सायकलवर, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला रुमाल.

परीक्षक बाहेरून आले होते. अमेरिकेत काही महिने राहून आल्याचं त्यांनी आल्या आल्या सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. माझ्या टेबलापाशी बसले. पडद्यावर इंजिन उभं, चिमणी फुगलेली, घंटा टिंग टिंग. सिग्नलचा हात खाली पडला. त्यांनी बटण दाबलं.

"सर, आधी मोठ्याने बोलायचं. डाउन."

"कोणाला? कॉम्प्युटरला?"

"मला सर. मी फायरमन."

ते हसले. बरोबरचे प्राध्यापक त्यांच्याहून जास्त हसले. "मला दिसतोय सिग्नल," परीक्षक म्हणाले. "चालव."

माझं बोट डाव्या बटणावर होतं. नुसतं टेकवायचं होतं. गाडी सुटली असती, गाभारा माझा झाला असता, मामा खुशाल यंत्र घेऊन गेला असता. मागून काकांचा आवाज आला, "साहेब बोलले नाही अजून."

"हे कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"मी याच इंजिनाचा," काका म्हणाले. "तुम्ही अमेरिकेत गाडीत बसले होते, का गाडी चालवली होती?"

परीक्षकांनी पुन्हा बटण दाबलं, मग दोनदा, मग पियानो वाजवावा तसं. गाडी जागची हलली नाही. माझं बोट तिथेच होतं, आणि दाबलं जाईना. ते उठले, शेरा मारला, पुढच्या टेबलाला गेले. पहिलं बक्षीस कोणाला मिळालं, माहीत आहे? जन्मतारीख सांगितली की भविष्य सांगणाऱ्या प्रोग्रामला. त्याने परीक्षकांना परदेशगमनाचा योग सांगितला. माणूस परदेशातूनच आला होता.

परतताना मी काकांवर उखडलो. "तुमच्यामुळे गेलं सगळं."

"काहून? मी का तुहा हात धरला होता?"

यासारखं संतापजनक वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. कारण धरला नव्हता.

मामा जायच्या आदल्या संध्याकाळी काका आले आणि उजवीकडे बसले. मी डावीकडे. सिग्नलचा हात पडला.

"डाउन," काका गरजले. पलीकडच्या घरातलं पोर दचकून रडायला लागलं.

मी पाहिलं. नीट पाहिलं. "डाउन."

गाडी सुटली. पूल ओलांडला, जंगल ओलांडलं, चार स्टेशनं घेतली, दर सिग्नलला आम्ही दोघं ओरडत होतो, आणि आई आतून दोघांच्या नावाने ओरडत होती. शेवटच्या फलाटावर गाडी टेकली. काकांनी वही मागितली, पेन्सिल ओली केली आणि लिहिलं : 'इंजिन फिट.' खाली सही. सहीच्या खाली आणखी एक ओळ : 'घंटा वाजत नाही.'

आता हा अन्याय नाही तर काय? घंटा वाजत होती. तीन दुपारी घासून बसवली होती मी, परीक्षकानेसुद्धा ऐकली होती. पण भट्टीपुढे आयुष्य काढलेल्या काकांच्या कानात बारीक आवाज शिरतच नव्हता. माणूस मोठ्याने बोलला तरच कळायचं. हे त्यांना कोण सांगणार? मी नाही. मी वही घेतली आणि म्हणालो, "करतो दुरुस्त."

सकाळी मामा यंत्र घेऊन गेला. वही माझ्याकडे आहे. ती खोडी अजून माझ्या नावावर आहे.