आईनं ब्लाऊज बघून ओळखलं, मालिका बंद होणार

मंडळी, आज आईचा लई अभिमान वाटून राह्यला, म्हणून लिहिते.

माझी आई कुंभार पिंपळगावात ब्लाऊज शिवते. साडेसातच्या मालिकेला गल्लीतल्या चार-पाच जणी आमच्याकडंच येतात. मागच्या महिन्यात आई म्हणाली, "ही मालिका बंद होणार. सुनेच्या मेलेल्या जावेचा ब्लाऊज सासूला घातलाय. उसवून ढिला केला, पण जुन्या शिलाईची रेघ दिसते. खर्च कमी करून राह्यलेत."

आम्ही सगळ्या हसलो.

आज साडेसातला टीव्ही लावला तर तिथं जुना पिक्चर. आधी कुणी काही सांगितलं न्हाई. मी चॅनलच्या नंबरवर फोन केला, तर म्हणे मालिका कालच संपली.

शेजारच्या मंगलकाकू चिडल्या. "संपली कशी? सून तर अजून जेलमधी आहे."

आईनं टीव्ही बंद केला. हातातल्या ब्लाऊजला हूक लावता लावता म्हणाली, "बसा, मी सोडवते तिला."

मंग अर्धा तास एकही जण उठली न्हाई. आईच्या कथेत सून सुटली, गावी आली आणि तिनं शिलाईचं दुकान टाकलं.

तुमची एखादी मालिका अशी गुपचूप बंद झाली का? खाली लिहा. आईला विचारून शेवट सांगते.