वर जागा झाली का?

पेशंटला हात लावायच्या आधी तो स्वतःचे तळवे एकमेकांवर घासायचा, मग एक तळवा आपल्याच मानेवर ठेवून बघायचा आणि मगच पुढे व्हायचा. "थांबा हां, हात थंड हायत," म्हणायचा. आमच्या वॉर्डचा एसी कुणाच्याच ताब्यात नव्हता, त्यामुळे हात सगळ्यांचेच थंड असायचे. माझेही. पण इतक्या वर्षांत मला ते कधी सुचलं नव्हतं.

नवी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी पुरुषांच्या मेडिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. बी.एस्सी. नर्सिंग पास होऊन तो थेट माझ्याकडे आला. उरणकडच्या खाडीकाठचा, आगरी घरातला. कबड्डी खेळलेलं अंग, त्यामुळे युनिफॉर्म खांद्यात ताणलेला. पहिल्या दिवशी मला काकी म्हणाला. मी म्हटलं, इथं मॅडम म्हणायचं. मग आठवडाभर मी "का-मॅडम" झाले.

त्याची ही नोकरी घरी कुणाला पटलेली नव्हती. शेती सरकारने घेतल्यावर वडिलांनी खोल्या बांधल्या होत्या, भाडं येत होतं. पोराने कंटेनर यार्डात चिकटावं असं त्यांचं म्हणणं. गावातले मित्र त्याला बघून "सिस्टर आली, सिस्टर आली" करायचे. हे सगळं तो मला हसत हसत सांगायचा.

वॉर्डातही तेच. तुम्ही कधी अॅडमिट झाला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, दुखायला लागलं की तोंडातून "सिस्टर" हीच हाक निघते. समोर सहा फुटी मिशीवाला उभा असला तरी म्हातारे "सिस्टर" ओरडत आणि हा पलीकडून "आली, आली" करत यायचा. मी एकदा त्याला म्हटलं, अरे, ब्रदर म्हणा म्हणून सांग त्यांना. तर म्हणाला, "दुखतंय तवा कशाला शिकवायचं, मॅडम?"

नवीन पोरांचं होतं ते सगळं त्याचंही झालं. पाय सुजले. मशीनचा प्रत्येक आवाज त्याला स्वतःला मारलेली हाक वाटायचा. घरी कुकरची शिट्टी झाली की ताटावरून उठतो, आई हसते, असं सांगायचा. शीर सापडत नसली की पेशंटला आधीच सांगून टाकायचा, की मी एकदाच टोचणार, नाही जमलं तर दुसऱ्याला बोलावणार. आणि खरंच बोलवायचा. आपल्याला जमलं नाही हे कबूल करायला मला उभी नोकरी लागली. त्याला महिनासुद्धा लागला नाही.

नव्यांना सगळ्या विभागांत थोडे थोडे दिवस फिरवतात. तसा तो वरच्या मजल्यावर जाऊन आला, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. आम्ही त्याला नुसतं "वर" म्हणतो. तिथं दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं एक बाळ होतं. अशा बाळाला आईने किंवा बापाने उघड्या छातीवर धरून ऊब द्यायची असते. बाप न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवणारा. माझ्या हातून काहीतरी मोडेल, म्हणत तो खुर्चीत बसायलाच तयार नव्हता. आमचा हा त्याच्याशेजारी स्टुलावर बसला आणि आपला पंजा त्याच्या पंजाला लावून दाखवला. "माझा तं तुमच्याहून मोठा हाय. मोठ्या हातात पोर पुरतं मावतं." बाप बसला. नंतर त्याला खुर्चीतून उठवताना सगळ्यांची पुरेवाट झाली म्हणे. हे मला वरच्या इनचार्ज सिस्टरने सांगितलं.

तिथून खाली आल्यापासून त्याचं एकच सुरू झालं. ड्युटीचं वेळापत्रक लागायच्या सुमारास हळूच येऊन विचारायचा, "मॅडम, वर जागा झाली का?" एका जुन्या दमेकरी आजोबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "वरच्या जागेसाठी आमचा नंबर आधी आहे रे पोरा, तू रांगेत ये." सगळा वॉर्ड हसला. तोही हसला. मी म्हटलं, बघू.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. जागा झाली होती. वरच्या सिस्टरने मला फोन करून त्याला मागितलं, आणि मी दाद दिली नाही तेव्हा ती स्वतः खाली आली. मी तिला सांगितलं की त्याला लहान मुलांचं जमत नाही, इथंच राहायचंय म्हणतो. आणि त्याला सांगितलं, वर कायमसाठी मुलीच घेतात, आया दूध पाजत असतात, त्यांना पुरुषाचं अवघड वाटतं.  तो म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं."

मी हे का केलं? माझी कंबर गेली होती. तो असला की जड पेशंट कुशीवर वळवायला मला हात लावावा लागत नसे. तो दाराशी उभा असला की नातेवाइकांचा आवाज चढत नसे. पेशंटच्या भल्यासाठी त्याला ठेवला, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ते खरं नव्हतं. मला तो माझ्या सोयीसाठी हवा होता.

वर्ष सरता सरता त्याने राजीनामा दिला. तळोज्याच्या एका कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत काम मिळालं होतं. मी कारण विचारलं. "इथं माझं काम उचलायचंच हाय, मॅडम. ते तं यार्डातपन होतं." त्यात तक्रार नव्हती. पेढे वाटून गेला. पुढे कितीतरी दिवस म्हातारे "सिस्टर" म्हणून हाक मारत आणि दुसरी कुणी गेली की तिच्या मागे बघत राहत.

परवा वरची सिस्टर निवृत्त झाली. निरोपाच्या चहाला तिने मला सहज विचारलं, "तुझा तो पोरगा, ज्याला लहान मुलं आवडत नव्हती, तो कुठे असतो गं?" मी चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन लावला. वरच्या सिस्टरने तुला दोनदा मागितलं होतं, मीच सोडलं नाही, बायकांना अवघड वाटतं हेही मीच रचलं होतं, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडे कारखान्याची घरघर चालू होती. आता हा काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

"काय म्हनाल्या होत्या त्या?" त्याने विचारलं.

"म्हणाल्या, तो मोठ्या हातांचा पोरगा मला दे."

  पलीकडची घरघर कमी झाली, दार लोटल्यासारखा आवाज आला. तो बहुतेक आत जाऊन उभा राहिला असावा.

"परत सांगा," तो म्हणाला.

मी परत सांगितलं. या वेळी सावकाश.