मूळ बरणी

इस्पितळाच्या तळघरात त्यानं एकतीस वर्षं वाफ सांभाळली. शस्त्रक्रियेची हत्यारं, कापसाचे बोळे, डॉक्टरांचे झगे, सगळं गाठोड्यांत बांधून त्याच्या यंत्रात जायचं आणि निर्जंतुक होऊन वरच्या मजल्यांवर पोचायचं. लोक त्याला वाफेवाला म्हणत. निवृत्त झाल्यावर यंत्र सुटलं, नाव सुटलं नाही.

तळघरातला नियम साधा होता. प्रत्येक गाठोड्याला एक फिकट चिकटपट्टी लावायची. वाफ पुरेशी लागली की तिच्यावर तिरके काळे पट्टे उमटतात. पट्टी काळी, तर माल वर. पट्टी कोरी, तर माल पुन्हा यंत्रात. 'मघाशी घातलं होतं बहुतेक' असली भाषा तिथं चालत नसे. आणि आत काय आहे ते पट्टीवर लिहिल्याशिवाय गाठोडं खाली ठेवायचं नाही. एका जोडीदारानं एकदा न लिहिता ठेवलं, तेव्हा वाफेवाला त्याच्याशी आठ दिवस बोलला नव्हता.

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायची. नऊ वर्षांपूर्वी शाळेमागच्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर तिला अळंबीचा झुबका दिसला, शिंपल्यांसारखा एकावर एक. विज्ञानाच्या बाईंना दाखवून खायची असल्याची खात्री केली, घरी आणली, मधोमध फाडली आणि आतला तिळाएवढा कण मधाच्या पाण्यात सोडला. त्या पाण्याला दुकानदार लिक्विड कल्चर म्हणतात. ती विरजण म्हणायची. दह्याचं विरजण जसं एका घरातून दुसऱ्या घरात जातं आणि संपत नाही, तसं हे.

काम सोपं वाटतं, सोपं नाही. अर्धा लिटर पाण्यात दीड चमचा मध. त्याहून जास्त घातला तर माजतं, कमी घातला तर उपाशी राहतं. बरणीत एक काचेची गोटी. झाकणाला दोन भोकं, एकाला कापूस, दुसऱ्याला रबराचा ठिपका, सुई टोचायला. मग कुकर, वीस मिनिटं. बरणी पूर्ण गार झाली की जुन्या विरजणाचे चार थेंब सुईनं आत. रोज बरणी हलवायची, गोटीनं आतले पुंजके फोडायचे. बारा-पंधरा दिवसांत पाण्यात पांढरे ढग तरंगतात. ते ढग मग उकडलेल्या गव्हात, गव्हातून पेंढ्यात, आणि पेंढ्याच्या पिशवीला भोकं पाडली की त्यांतून अळंबी बाहेर डोकावते.

मागची खोली तिची होती. खिडकीला ओलं पोतं, भिंतीला लोखंडी मांडणी, पिशव्या टांगायला सहा आकडे. भरलेला कुकर उचलायचं काम त्याचं. वेळ मोजायचं कामही त्यानं आपल्याकडे घेतलं होतं, कारण ती शिट्ट्या मोजायची.

"शिट्टी म्हणजे अंदाज," तो म्हणायचा. "घड्याळ लाव."

"अहो, हे तुमचं इस्पितळ नाही. तिथं मारायचं काम होतं. इथं जगवायचंय."

"मारल्याशिवाय जगत नाही काही."

"बघा हं, कुणी ऐकलं तर पोलिसांना बोलावेल."

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी शिंपीण तर जिन्यातच टोमणा मारायची. "वहिनी, भाऊंना सांभाळा हो. एक दिवस तुम्हालाही झगा घालून वाफवतील."

चार महिन्यांपूर्वी बायको गेली. आजार आठ महिने चालला. तेवढ्या काळात पिशव्या संपल्या, बाकीच्या बरण्या एकेक करून बिघडल्या, फ्रीजमध्ये एकच बरणी उरली, तीच आता मूळ बरणी. तीही तिनंच, उशीला टेकून बसून, शेवटची नवी केली होती. ती गेल्यावर पंधराव्या दिवशी वाफेवाल्यानं मागची खोली धुतली. जुना पेंढा नेऊन टाकला, मांडणी घासली, भिंती जंतुनाशकानं तीनदा पुसल्या. रडायला येत नव्हतं, घासायला येत होतं.

मग लेकीचा फोन आला. ती दूरच्या गावी, एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला. "बाबा, पुढच्या महिन्यात येते. आईच्या विरजणाची एक बरणी मला काढून ठेवाल? जमेल ना तुम्हाला?"

"न जमायला काय झालं?" तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्यानं हिशेब केला. सहा बरण्या करायच्या. एक लेकीला, एक शिंपिणीला, चार घरात. मूळ बरणी चार महिने थंडीत पडलेली, त्यात विरजण बोटभर. हे शेवटचं. यातून उठलं तर उठलं.

त्यानं औषधांच्या दुकानातून पट्टीचं नवं रीळ आणलं. सहा बरण्या धुतल्या, भरल्या, प्रत्येकीला पट्टी लावून क्रमांक नीट लिहिला. कुकरमध्ये तीनच मावत, म्हणून दोन फेऱ्या. पहिली फेरी चढवली आणि मूळ बरणी फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवली, कारण बायको तसंच करायची. थंडीतून काढलेल्याला अंगात ऊब येऊ द्यायची. बरणीला बाहेरून पाणी सुटलं आणि तिच्या अक्षरातला चिकटवलेला कागद घसरून खाली पडला. शाई पसरून गेलेली. त्यानं बरणी पुसली आणि नवी पट्टी लावली. लिहायला गेला तर ओल्या पट्टीवर पेन चालेना.

वाळली की लिहू, असं म्हणून त्यानं बरणी खाली ठेवली. एकतीस वर्षांत जे केलं नाही, ते केलं.

घड्याळ वाजलं. कुकर उतरवला, दाब बसू दिला, झाकण काढलं. वाफेनं चष्मा पांढरा झाला. तीन बरण्या काढल्या, पट्ट्या काळ्या. ओट्यावर हात फिरवला, कोऱ्या पट्टीच्या तीन उचलून कुकरमध्ये ठेवल्या, झाकण लावलं. बघून केलं असं नाही. हातांनी केलं. कोरी पट्टी दिसली की हात कुणाला विचारत नसत.

आठ-दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात अळंबीचा वास भरला. शिजलेल्या अळंबीचा, हलका, गोडसर. तो खुर्चीवर बसून होता. त्याला वाटलं, आठवण आली. त्यानं डोळे मिटून घेतले आणि वास ओसरेपर्यंत तसाच बसून राहिला.

बरण्या निवायला चार तास दिले. संध्याकाळी टेबल पुसलं, हात स्पिरिटनं धुतले, सुई ज्योतीवर लाल करून गार केली. ओट्यावर कोऱ्या पट्टीची एक बरणी राहिली होती, ती आणली आणि ढग बघायला दिव्यापुढे धरली. पाणी स्वच्छ होतं. गोटी फिरवली. काही नाही. बरणी वळवली. पलीकडच्या बाजूला पट्टीवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सहा.

त्यानं बरणी खाली ठेवली. मग वाफवलेल्या सहा बरण्या एकेक करून दिव्याशी नेल्या. शेवटच्या बरणीत पाणी बोटभरच होतं, चहासारखं तांबूस झालेलं, आणि तळाशी भिजल्या कापसाचा चोथा बसावा तसं काहीतरी. पट्टी काळी. इस्पितळात याहून चांगली वाफ कुणी दिली नसती.

तरीही त्यानं तो चोथा सुईनं ओढून तीन बरण्यांत सोडला. काळजाचे ठोके थांबल्यावरही डॉक्टर थोडा वेळ छाती दाबत राहतात, हे त्यानं पाहिलं होतं. पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ बरण्या हलवल्या. पाणी पाणीच राहिलं.

त्या पंधरा दिवसांत तो शिंपिणीकडे गेला. तिला बायकोनं मागं एक पिशवी दिली होती.

"ती होय? दोनदा खाल्ली, मग हिरवी पडली, टाकली की. का हो भाऊ?"

त्यानं सांगितलं. शिंपिणीचं यंत्र थांबलं. एरवी जिला बोलायला एक तोंड पुरत नसे अशी बाई, एवढंच म्हणाली, "चहा टाकते. बसा."

विज्ञानाच्या बाई बदलून गेल्या होत्या. बुंधा होता त्या जागी सायकली ठेवायची शेड झाली होती. मागच्या खोलीत पेंढ्याची एक काडी जरी उरली असती, तरी तिच्यापासून काही धरता आलं असतं. पण खोली त्यानं धुतली होती, आणि तो धुवायचा तेव्हा काही उरत नसे.

शेवटी शेतीच्या सामानाच्या दुकानात गेला आणि त्याच जातीच्या अळंबीचं विरजण सुईनळीत भरलेलं मिळतं, ते घेऊन आला. बरणीत सोडलं. दहाव्या दिवशी ढग धरले, भरघोस, शुभ्र. बायकोच्या बरणीत कधी इतके धरले नव्हते. दिसायला तेच. मुकाट्यानं दिलं असतं तर पृथ्वीवर कुणाला कळलं नसतं.

लेक दुपारी आली. ओट्यावरची बरणी तिला दारातूनच दिसली. "अगंबाई, केवढी छान! बाबा, तुम्ही तर आईच्या वरताण निघालात."

"बस आधी."

"हात तरी धुऊ द्या."

"ती तुझ्या आईची नाही. दुकानातली आहे."

"मग आईची कुठंय?"

"मी वाफवली."

लेक हसली. बाप थट्टा करत नाही हे आठवून मग थांबली. त्यानं पहिल्यापासून सांगितलं, पट्टीचं, पेनाचं, वासाचंही. काही गाळलं नाही. ती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती, पिशवी अजून खांद्यावरच.

"मग सांगितलंत कशाला?" ती म्हणाली. "दिली असती तशीच. मला काय कळणार होतं?"

"कोरा माल काळी पट्टी लावून मी कधी वर पाठवला नाही."

"मी काय शस्त्रक्रियेची खोली आहे का, बाबा?"

लेकीचा आवाज चढला तसाच खाली आला.

"तुमच्यावर नाही चिडत मी. आईनं मला एक बरणी दिली होती, दोन वर्षांपूर्वी. आठवतंय?"

"हो."

"मी ती लावलीच नाही. फ्रीजमध्ये ठेवली. कामात राहिली. मग घर बदललं, तेव्हा फेकून दिली. आई दर रविवारी विचारायची, पिशव्या कशा आहेत. मी म्हणायची, छान आहेत, भरपूर येतात, शेजारी पण मागून नेतात. एकदाही फोटो पाठव म्हणाली नाही म्हणून सुटले." तिनं नाक पुसलं. "शेवटी इस्पितळात होती ना, तेव्हाही विचारलं. तेव्हाही मी छान म्हणाले. म्हटलं, आता तरी लावू. उशिरा का होईना, बोलले ते खरं करू."

फ्रीज मध्येच घरघरला आणि थांबला.

"बाबा, आईला कळलं होतं का हो?"

वाफेवाल्यानं टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत बायको असाच फोन ठेवून पिशव्यांकडे वळली होती. 'नऊ दिवसांत पिशवी पांढरी झाली म्हणे हिची,' ती म्हणाली होती. 'या थंडीत वीस दिवस लागतात. पोरीनं लावलीच नाहीये.' रागावली नव्हती. मुकाट्यानं एक बरणी जास्तीची केली आणि फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात सारली. 'राहू दे. मागेल तेव्हा तयार असावी. आपण होऊन दिली तर तिला कळेल, मला कळलंय म्हणून.' दर चार महिन्यांनी ती बरणी नवी करत राहिली. आजारपणात बाकीच्यांचं काय झालं ते विचारलंही नाही, पण ही एक उशीला टेकून नवी केली. ओट्यावर चुकून उचलली गेली, ती हीच.

लेक त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "कळलं नव्हतं."

"नक्की?"

"नक्की. शिंपिणीला सांगायची, माझ्यापेक्षा लेकीच्या पिशव्या लवकर पांढऱ्या होतात म्हणून."

लेकीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि टेबलावर डोकं टेकलं. तो उठला, पाण्याचा तांब्या भरून आणला, आणि पेला भरून तिच्यापुढे सरकवला.